बायपास शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

ज्याच्या नात्यागोत्यात एकाचीही हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेली नाही असे कुटुंब आपल्या समाजात शोधून काढणे आता कठीण झाले आहे. शस्त्रक्रिया ठरली की घरातले सर्व हात कामास लागतात. कोणी पैशाची जुळवाजुळव करतो, कोणी रजा टाकून रुग्णालयात मुक्काम ठोकतो, तरुण मंडळी रक्त देण्यास धावतात. आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पुढे सवडीने सत्यनारायणही होतो, आणि 'एकदाचे सुटलो' म्हणून सर्वजण आपापल्या उद्योगास लागतात.

नेमक्या ह्याच ठिकाणी आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. संस्थेच्या वैद्यकीय साहाय्याचे काम पाहताना आम्हांस असे दिसते की, शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी अर्ज येतात, पण शस्त्रक्रियेनंतर लागणाऱ्या गोळ्यांसाठी अर्ज बहुधा येत नाही. त्याचे कारण गोळ्या परवडतात हे असेलच असे नाही; त्या जन्मभर घ्यावयाच्या असतात हेच पुष्कळांच्या मनावर ठसलेले नसते. शस्त्रक्रिया चार-पाच तासांची असते; तिच्यानंतरचे आयुष्य पंधरा, वीस, कित्येकदा त्याहूनही अधिक वर्षांचे असते. त्या वर्षांचा हिशेब कसा मांडावा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

बायपास म्हणजे काय

शुद्ध रक्त वाहून नेणारी ती रोहिणी आणि अशुद्ध रक्त हृदयाकडे परत आणणारी ती नीला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. हृदय साऱ्या शरीरास रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूसही रक्त लागते. ते पुरविणाऱ्या मुख्य रोहिण्या दोन, एक उजवी व एक डावी. डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात, म्हणून व्यवहारात आपण 'तीन नसा' म्हणतो. ह्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचे थर साचत जातात व वाट अरुंद होते. चालताना छातीत दाब येणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. आणि एखादा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली म्हणजे येतो तो हृदयविकाराचा झटका.

बायपासमध्ये शल्यविशारद हा थर काढून टाकीत नाहीत. शरीरातील दुसरी रक्तवाहिनी घेऊन ते अडथळ्याच्या पलीकडे रक्तास नवी वाट करून देतात. शेताचा पाट गाळाने भरला म्हणजे शेतकरी बाजूने नवा चर खणतो व पिकास पाणी पोहोचवितो, तशातलाच हा प्रकार. पीक वाचते यात शंका नाही. परंतु पाण्यातला गाळ तसाच राहिला तर उद्या नवा चरही भरणारच. ह्या गाळाचा बंदोबस्त चाकूने होत नाही. औषध, आहार, व्यायाम आणि तंबाखूचा त्याग यांनीच तो होतो. बायपासनंतरच्या आयुष्याचे सारे मर्म ह्या एका गोष्टीत साठविलेले आहे.

थोडा पूर्वेतिहास

ही विद्या फार जुनी नाही. १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र वापरून हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५८ साली क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रोहिण्यांची चित्रे घेण्याची पद्धत, म्हणजे आपली अँजिओग्राफी, सुरू केली व अडथळा कोठे आहे हे डोळ्यांनी दिसू लागले. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रॉबर्ट गोएट्झ यांनी आणि १९६४ साली लेनिनग्राड येथे डॉ. कोलेसोव्ह यांनी छातीतील रोहिणी हृदयाच्या रोहिणीस जोडली. १९६७ साली क्लीव्हलँड येथेच डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील नीला वापरून केलेल्या शस्त्रक्रियेपासून ह्या पद्धतीचा जगभर प्रसार झाला. हे फावालोरो मूळचे अर्जेंटिनाचे. मोठ्या रुग्णालयात जाण्यापूर्वी त्यांनी बारा वर्षे एका खेड्यात साधी वैद्यकी केली होती. आपल्या देशात १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात पहिली यशस्वी बायपास केली. आज ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत, अनुभवी केंद्रांत, शंभरांत एक ते दोन रुग्ण दगावतात. वय, मूत्रपिंडाचा विकार किंवा दुर्बळ झालेले हृदय यांनी हा धोका वाढतो. परंतु बहुसंख्य रुग्ण घरी परततात, आणि मग पुढचा प्रवास सुरू होतो.

पहिले तीन महिने

छातीच्या मधोमध असलेले हाड कापून पुन्हा पोलादी तारेने बांधलेले असते. ते पक्के सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोपावेतो चार-पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, दोन्ही हातांवर भार देऊन उठू नये, जड दार किंवा कपाट ढकलू नये. खोकला आला तर छातीशी उशी घट्ट धरावी. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेले गोळ्यांचे यंत्र घरी आणून कोनाड्यात ठेवण्यासाठी नसते. ते सांगितल्याप्रमाणे दिवसातून अनेकदा वापरावे. स्कूटर व मोटार चालविणे साधारणतः सहा आठवडे बंद, आणि पुढेही डॉक्टरांस विचारूनच.

ह्या काळात काही गोष्टी घडतात व घरची माणसे उगीच घाबरतात. नीला काढलेल्या पायास सूज येते; बसताना पाय उंच ठेवावा. छातीच्या डाव्या बाजूस बधिरपणा राहतो. तो हळूहळू कमी होतो. अन्नाची चव जाते, झोप तुटते, नाव चटकन आठवत नाही, क्षुल्लक कारणाने रडू येते. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, हे बहुतेक निवळते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत पहिल्या काही दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होतात. तेही बहुधा औषधाने ताळ्यावर येतात.

परंतु जखमेतून पू येणे, ताप भरणे, छातीच्या हाडात खटखट जाणवणे, पोटरी एकाएकी सुजून दुखणे, आडवे पडल्यावर धाप लागणे किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नवी वाट किती वर्षे टिकते

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचे उत्तर, वाट कशाची केली आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते.

छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी रोहिणी ही ह्या कामी सर्वांत भरवशाची. तिच्यात चरबी सहसा धरत नाही. दहा वर्षांनीही दहांपैकी नऊ उघड्या असतात. म्हणून हृदयाच्या पुढच्या बाजूच्या महत्त्वाच्या शाखेस बहुधा तीच जोडतात. क्लीव्हलँडच्या डॉ. लूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली आपल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. तीनही नसांचा रोग असलेल्यांपैकी ज्यांना ही छातीतील रोहिणी जोडली होती ते शंभरांत सुमारे ८३ जगले होते. ज्यांना केवळ पायातील नीला जोडल्या होत्या ते शंभरांत ७१.

पायातील नीला ही मुळात कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली. तिला हृदयावर बसविले की रोहिणीचा दाब सोसावा लागतो. तिची भिंत जाड होते व काही वर्षांनी तिच्यातही चरबी साचू लागते. पहिल्या वर्षातच दहांपैकी एखादी किंवा थोड्या अधिक नीला बंद होतात, आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या बंद किंवा फार अरुंद झालेल्या आढळतात. हे वाचून कोणी धीर सोडू नये. एक वाट बंद झाली म्हणजे रुग्ण संपला असे मुळीच नाही. इतर वाटा चालू असतात, बारीक शाखा आपोआप वाढतात, आणि प्रसंगी स्टेंट बसविता येतो. रोज ॲस्पिरिन व कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी घेतल्याने नीला अधिक काळ उघड्या राहतात. पाटातला गाळ कमी केला म्हणजे चर अधिक टिकतो, ते हेच.

यासाठी आमची एक साधी सूचना आहे. शस्त्रक्रियेचा अहवाल, त्यात कोणत्या नसेस कोणती वाहिनी जोडली हे लिहिलेले असते, तो जपून ठेवावा. पंधरा वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी करण्याची वेळ आली तर नव्या डॉक्टरांस त्या एका कागदाचा फार उपयोग होतो. घराच्या दस्तऐवजांच्या पेटीत त्यास जागा द्यावी.

आयुष्य किती वाढते

१९९४ साली डॉ. सलीम यूसुफ व सहकाऱ्यांनी सात चाचण्यांतील २६४९ रुग्णांचा एकत्रित विचार केला. त्यांपैकी निम्म्यांस बायपास व निम्म्यांस आरंभी केवळ औषधे दिली होती. पाच वर्षांनी औषधांच्या गटात शेकडा १५.८ रुग्ण मरण पावले होते, बायपासच्या गटात शेकडा १०.२. दहा वर्षांनी हेच आकडे ३०.५ आणि २६.४ असे होते. म्हणजे लाभ टिकला, पण अंतर कमी झाले. औषधांच्या गटातील पुष्कळांची पुढे शस्त्रक्रिया झाली हे त्याचे एक कारण, आणि नीला जुन्या होत गेल्या हे दुसरे.

हॉलंडमधील रॉटरडॅम येथे १९७१ ते १९८० ह्या काळात बायपास झालेल्या पहिल्या १०४१ रुग्णांचा मागोवा तीस वर्षे घेतला गेला. त्यांचे वय शस्त्रक्रियेच्या वेळी सरासरी ५३ होते. दहा वर्षांनी शंभरांत ७७, वीस वर्षांनी ४० आणि तीस वर्षांनी १५ जण हयात होते. हे रुग्ण केवळ नीला जोडलेले, आणि कोलेस्टेरॉलवरील हल्लीच्या स्टॅटिन गोळ्या बाजारात येण्यापूर्वीचे, हे ध्यानात घ्यावे. मधुमेही रुग्णांसाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेली १९०० रुग्णांची एक मोठी चाचणी महत्त्वाची आहे. अनेक नसांचा रोग असलेल्या मधुमेह्यांत पाच वर्षांनी स्टेंटच्या गटात शेकडा १६.३ मृत्यू झाले, बायपासच्या गटात १०.९, मात्र पक्षाघाताचे प्रमाण बायपासच्या गटात अधिक होते.

आकड्यांनी ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी एक सर्वश्रुत उदाहरण देतो. आपले माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली इंग्लंडमध्ये झाली. त्यानंतर पुढच्याच वर्षी ते देशाचे अर्थमंत्री झाले. मध्यंतरी त्यांस स्टेंटही बसवावे लागले. जानेवारी २००९ मध्ये, पंतप्रधानपदावर असताना, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांची दुसरी बायपास झाली, मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा हे त्या वेळी शल्यविशारदांच्या तुकडीचे प्रमुख होते. त्यानंतरही २०१४ पर्यंत त्यांनी पद सांभाळले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी ते निवर्तले. रोग परत येऊ शकतो, आणि तरीही माणूस काम करीत दीर्घकाळ जगू शकतो, ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका चरित्रात दिसतात. अर्थात उत्तम देखरेख त्यांस नित्य लाभली. सामान्य कुटुंबाने ती देखरेख आपल्या घरात उभी करावयाची आहे.

औषधांची शिस्त

रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन ह्या दोन गोळ्या, डॉक्टरांनी कारणाने बंद केल्या नाहीत तर, जन्मभर चालू ठेवावयाच्या. त्यांच्या जोडीला रक्तदाबाची, ठोक्यांची गती सावरणारी किंवा मधुमेहाची औषधे ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे असतात. घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एल.डी.एल., ७० च्या खाली, अनेक तज्ज्ञांच्या मते ५५ च्याही खाली असावे. रक्तदाब १३०/८० च्या आत आणि तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण ७ च्या आसपास ठेवावी; फार वृद्ध माणसांत डॉक्टर थोडी सैल मर्यादा ठरवितात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज सांगितला पाहिजे. वर्षभराने रक्त तपासले, कोलेस्टेरॉल उत्तम निघाले, की घरात कोणीतरी म्हणतो, 'आता कशाला गोळी?' उत्तम निघाले ते गोळीमुळे. गोळी सोडली की ते काही आठवड्यांत पूर्ववत् होते, आणि ते वाढल्याचे शरीर कळूही देत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या पाहणीत हृदयरोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांस विचारले असता, भारत ज्यांत होता त्या अल्प उत्पन्नाच्या देशांत शंभरांतील ८० जण ह्या आवश्यक औषधांपैकी एकही घेत नव्हते. श्रीमंत देशांत असे लोक शंभरांत ११ होते. ह्या ऐंशी माणसांत आपल्या घरचे कोणी असू नये, एवढी काळजी प्रत्येक कुटुंबाने वाहिली तरी पुष्कळ काम होईल.

खर्चाचा विचारही करावयास हवा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात व त्यांत बायपासचा समावेश आहे. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांस, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ खुला झाला. परंतु रुग्णालयातून सुटल्यानंतरची औषधे त्या योजनेत पंधरा दिवसांपुरतीच मिळतात. सोळाव्या दिवसापासून भार घरावर. हीच औषधे जनऔषधी केंद्रात नावाजलेल्या कंपन्यांच्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. आपल्या चिठ्ठीतील औषध मूळ नावाने लिहून द्यावे असे डॉक्टरांस सांगण्यात संकोच बाळगू नये.

दात काढावयाचा असला म्हणून परस्पर ॲस्पिरिन बंद करू नये. आधी हृदयाच्या डॉक्टरांस विचारावे. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हृदयास व मूत्रपिंडास अपाय करू शकतात, त्याही विचारूनच घ्याव्या.

तंबाखू

या विषयी मध्यममार्ग नाही. विडी, सिगारेट, तपकीर, मिसरी, गुटखा, पानातली जर्दा ही सर्व एकाच माळेची. रॉटरडॅमच्याच रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर धूम्रपान सोडणारे व न सोडणारे यांची तुलना झाली. पाच वर्षांनी सोडणाऱ्यांचा लाभ शेकडा ३ एवढाच होता. पंधरा वर्षांनी तो शेकडा १४ झाला. संयमाचे व्याज हे असे सावकाश, पण चढत्या दराने मिळते. घरातील दुसरा कोणी रुग्णाच्या शेजारी बसून विडी ओढत असेल तर त्याने आपण औषधावर पाणी ओतीत आहोत हे समजावे.

जेवणाचे पान

रुग्णासाठी वेगळा, बेचव स्वयंपाक करून त्यास घरात एकटा पाडू नये. जे त्यास हितकर ते सर्व घरास हितकर आहे. ज्वारी, बाजरी, हातसडीचे तांदूळ, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळे, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, ताक. मांसाहारी घरांत तळलेल्याऐवजी रश्शातले मासे. हा आपल्या परंपरेतलाच आहार आहे. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास असावे. वनस्पती तूप, पुन्हापुन्हा तापविलेले तेल व बाजारचे तळण वर्ज्य करावे.

येथे बडोद्यास राहणाऱ्या आम्हां मंडळींची जीभ दोन प्रांतांची आहे. सकाळी फाफडा-जिलेबी, संध्याकाळी शेव-उसळ, सणाला श्रीखंड, आणि पानात पापड-लोणचे नित्याचे. यांतील मीठ, तेल व साखर यांची बेरीज कोणी करीत नाही. सणाच्या दिवशी एक वाटी श्रीखंड घेतले म्हणून आकाश कोसळत नाही. पण शेवेचा डबा हाताशी असू नये. एकादशीचा उपवास म्हणून तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व वरून शेंगदाण्याचा लाडू, हा उपवास हृदयास फारच जड पडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

चालणे व काम

पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. मग गल्लीच्या टोकापर्यंत. पुढे दर आठवड्यास थोडे थोडे वाढवीत दीड-दोन महिन्यांत रोज अर्धा तास. आठवड्यास एकूण दीडशे मिनिटे हे उद्दिष्ट. चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, इतपत वेग ठीक. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. जेवल्याबरोबर, कडक उन्हात किंवा पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत बाहेर पडू नये. कमाटीबागेत सकाळी एक चक्कर मारली तर अशी कितीतरी माणसे भेटतात, आणि एकमेकांच्या सोबतीने पाय अधिक पडतात.

योगासनांविषयी नेहमी विचारणा होते. झटका येऊन गेलेल्या ३९५९ रुग्णांवर देशातील २४ केंद्रांत झालेल्या योगाच्या चाचणीचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांस आपली प्रकृती अधिक चांगली वाटू लागली. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात मात्र निश्चित फरक सिद्ध झाला नाही. म्हणून योग अवश्य करावा, पण तो औषधांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. छातीचे हाड सांधेपर्यंत हातांवर तोल घेणारी आसने टाळावी.

बैठे काम असणारा मनुष्य बहुधा सहा ते आठ आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. अंगमेहनतीचे काम असेल तर तीन महिने लागतात. दांपत्यजीवनाविषयी लोक विचारावयास लाजतात, म्हणून येथेच सांगतो. दोन जिने छातीत न दुखता, धाप न लागता चढता येऊ लागले व छातीचे हाड सांधले की त्यास प्रत्यवाय नाही. मात्र त्यासाठी बाजारातले कोणतेही औषध डॉक्टरांस न विचारता घेणे जिवावर बेतू शकते.

मन आणि घर

साधारण पाच रुग्णांत एकास शस्त्रक्रियेनंतर खरीखुरी उदासीनता येते. तो कोणाशी बोलत नाही, औषध चुकवितो, फिरावयास जात नाही. ही नुसती खिन्नता नसून तिच्यामुळे हृदयाचाही धोका वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे दिसले तर त्यास मनाचा दुबळेपणा न म्हणता डॉक्टरांस सांगावे. त्यावर उपचार आहेत.

उलट कित्येक घरांत प्रेमापोटी रुग्णास काचेच्या बाहुलीसारखे ठेवतात. 'तुम्ही काही करू नका, बसून राहा,' असे दिवसभर ऐकणाऱ्या माणसास आपण निकामी झालो असे वाटू लागते. भाजी निवडणे, नातवंडांचा अभ्यास घेणे, बँकेचे काम, संस्थेचे हिशेब, अशी कामे त्यास आपण होऊन द्यावी.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र उलटेच घडते. त्यांचे दुखणे 'पित्त' किंवा 'थकवा' म्हणून उशिरा ओळखले जाते, आणि शस्त्रक्रियेतील धोकाही त्यांस पुरुषांपेक्षा अधिक असतो. पुरुष घरी आला तर तीन महिने विश्रांती. बाई घरी आली तर तिसऱ्या आठवड्यास ती ओट्याशी उभी. पाण्याची कळशी, भरलेला मोठा कुकर, गाद्या, ओले कपडे पिळणे, हे सारे छातीच्या हाडास वर्ज्य असलेले कामच होय. सासूची किंवा आईची बायपास झाली असेल तर स्वयंपाकघराचा कारभार तीन महिने घरातील पुरुषांसह इतरांनी वाटून घ्यावा. हे उपकार नव्हेत. तिच्या उपचाराचाच तो भाग आहे.

हा रोग पुष्कळदा कुळात वाहतो. आई-वडिलांपैकी एकाची, विशेषतः लहान वयात, बायपास झाली असेल तर मुलांनी व भावंडांनी आपला रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तिशीतच तपासून घ्यावे.

पुढे केव्हाही छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम किंवा अकस्मात धाप लागली तर 'बायपास झाली आहे, आता काय होणार' अशा भ्रमात राहू नये. मधुमेह्यास छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. स्कूटरवर मागे बसवून नेण्याऐवजी १०८ वर दूरध्वनी करावा.

संस्थेने काय करावे

महोत्सवाच्या निमित्ताने पुढील काळाचे संकल्प केले जातात. आमच्या मते बायपास झालेल्या प्रत्येक सभासदास संस्थेने एक लहान वही द्यावी. तीत शस्त्रक्रियेचा तपशील, चालू औषधे, रक्तदाब, आणि वर्षातून एकदा केलेल्या रक्ततपासणीचे आकडे लिहावे. ज्यांस गोळ्यांचा खर्च जड जातो त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेच्या मदतीतूनच काही रक्कम पुढील वर्षभराच्या औषधांसाठी राखून ठेवावी. महिन्यातून एका रविवारी ह्या मंडळींनी एकत्र यावे, कोणाच्या गोळ्या सुटल्या, कोण फिरावयास येईनासा झाला, याची चौकशी करावी. यास मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

शस्त्रक्रियेचा दिवस शल्यविशारदांच्या हातचा होता. त्यानंतरचे प्रत्येक दिवस घरातील माणसांच्या हाती आहेत, आणि ते बरेच असावेत अशीच आमची इच्छा आहे.